मांडीतील नाडी

पोखर्णीच्या त्या घराचा उंबरठा ओलांडताना आम्हांला अजूनही संकोच वाटतो. परभणी-परळी लोहमार्गावरील हे गाव सर्वांना नृसिंहाच्या मंदिरामुळे ठाऊक आहे. आमचे तेथे एकच कुटुंब. त्या घरातले बाळ आठ आठवडे अगोदर जन्मले, वजन जेमतेम दीड किलो. दहाव्या दिवशी ते दूध घेईना, धापा टाकू लागले. "फादर, लेकराच्या मांडीला नाडीच लागंना म्हणत्यात," असा आजीचा फोन आला. आम्ही परभणीच्या इस्पितळात पोहोचलो आणि काचेच्या पेटीत हात घालून, ओल्या कापसाने त्या कपाळावर स्नानसंस्कार केला.

महाधमनी अरुंद असल्याचे निदान झाले होते. मातेच्या उदरात असताना फुप्फुसाची धमनी व महाधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटते. नेमक्या त्याच जागी महाधमनी आवळलेली असेल, तर वाहिनी मिटताच मूत्रपिंडे, आतडी, पाय रक्तावाचून उपाशी राहतात. हाताची नाडी ठणठणीत, मांडीची हरवलेली! ती वाहिनी उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून सुरू ठेवून बाळाला मुंबईस हलविले.

अरुंद भाग कापून धमनी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया स्टॉकहोमच्या क्रॅफोर्ड यांनी १९४४ साली प्रथम केली. परंतु एवढ्याशा जिवाला ती फार जोखमीची. १९८० च्या दशकात दुसरा मार्ग निघाला : जांघेतील धमनीतून बारीक तार व नळी वर न्यायची आणि टोकाचा काही मिलिमीटरचा फुगा अरुंद जागी फुगवायचा. कधी हृदयाच्या धमन्यांसाठी वापरतात तसली जाळीची नळीही बसवितात. आमच्या बाळाला फुगा पुरला. सायंकाळी त्याचे तळवे उबदार झाले.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की, नवजात बाळात हा अरुंदपणा बहुधा परत येतो, कारण मिटणाऱ्या त्या वाहिनीच्या ऊतींचे धागे महाधमनीतही असतात व ते आवळत राहतात. जाळी बसविली, तरी ती मुलाबरोबर वाढत नाही. बाळ शस्त्रक्रियेजोगे होईपर्यंत मिळविलेली ही सवड, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही ते ऐकले होते. तरीही उपकारस्तुतीच्या मिस्सात भरल्या गळ्याने आम्ही सांगितले, "बाळ पूर्ण बरे झाले आहे."

त्या शब्दावर घर निश्चिंत झाले. मुंबईचे भाडे, बुडणारी मजुरी. त्यात फादरच बरे झाले म्हणतात! तपासणीच्या दोन तारखा हुकल्या. दोष त्यांना कसा द्यावा?

एका भेटीत आमच्याबरोबर परिचारिका असलेल्या एक सिस्टर होत्या. बाळाला खेळवता खेळवता त्यांची बोटे जांघेत थांबली आणि बोलणे बंद झाले. हाताचा व पायाचा रक्तदाब घेतला, तर पायाचा कितीतरी कमी! दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे मुंबईच्या गाडीत होतो. बाळ तोवर साडेचार किलोंचे झाले होते. या खेपेस शस्त्रक्रिया झाली.

गाडीतच आम्ही बापाला आमची चूक सांगितली. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग म्हणाला, "फादर, आता नाडी कुठं बघायची, ते मला दाखवा."