सत्याची पारख

असत्य ओळखण्याची युक्ति मनुष्य फार प्राचीन काळापासून शोधीत आला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत तुला, अग्नि, जल, विष व कोश अशीं पांच दिव्यें सांगितलीं आहेत. याखेरीज तांदुळांचेंही एक दिव्य असे. संशयितास तांदूळ चावून थुंकावयास लावीत; थुंकींत रक्त दिसलें किंवा त्याचें अंग कांपूं लागलें, म्हणजे तो दोषी ठरे.

हें वाचतांना आम्हांस विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग आठवतो. वर्गांतील पृथ्वीचा गोल आमच्या हातून फुटला. गुरुजींनीं सर्वांस ओळीनें उभें करून प्रत्येकाची मुद्रा निरखिली. आमचा एक भित्रा सोबती थरथरूं लागला, त्याची जीभ अडखळली, आणि छड्या त्यास बसल्या. आम्ही मात्र निर्विकार उभे होतों!

पुढें यंत्रांचें युग आलें. सन १९२१ मध्यें अमेरिकेंत बर्कले येथील पोलीस खात्यांतील जॉन लार्सन यांनीं रक्तदाब, नाडी व श्वास यांची एकाच वेळीं नोंद करणारें यंत्र सिद्ध केलें. परंतु यंत्रास असत्य दिसत नाहीं. शरीराची खळबळ तेवढी दिसते. निर्दोष मनुष्यही भयानें घाबरतो, आणि सराईत लबाड स्थिर राहतो. सन १९२३ मध्यें वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें रक्तदाबावरून सत्य ठरविण्याच्या एका परीक्षेचा पुरावा नाकारिला. कारण शास्त्रज्ञांत तिला पुरेशी मान्यता नव्हती. सन २०१० मध्यें भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंही, संमतीवांचून कोणावर अशी परीक्षा लादतां येणार नाहीं, असा निर्णय दिला.

आमची परीक्षा मात्र निराळ्याच रीतीनें झाली. चौथ्या दिवशीं आम्हीं त्या सोबत्याजवळ अपराध कबूल केला. तो म्हणाला, "मला ठाऊक होतें. त्या दिवसापासून तूं माझ्याकडे एकदांही पाहिलें नाहींस." त्याच सायंकाळीं आम्ही गुरुजींकडे गेलों. त्यांनीं छडी उचलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत त्यांनीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि तें पाहणें आम्हांस छडीहून जड गेलें.

बालमित्रहो, आपला अपराध दुसऱ्याच्या पाठीवर उमटूं देऊं नका. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, घाबरलेलें मूल खोटेंच बोलत आहे, असें एकदम ठरवूं नये.