बुटातली माती

ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी 'नागपूर साइड' म्हणतो. सिरोंचा म्हटलं की पुढचा प्रश्न नक्षलवाद्यांचाच येतो.

चार वर्षं पैसे साठवून उशुआयाहून अंटार्क्टिकाच्या जहाजात बसलो. ड्रेक पॅसेजचे दोन दिवस उलट्यांत गेले. किनाऱ्यावर उतरण्याआधी सगळ्यांचे बूट, बॅगा तपासल्या. बाहेरचं बी, माती तिथे न्यायची नाही. माझ्या बुटाच्या खाचेत वाळलेली माती निघाली. दिवाळीत बाबांबरोबर वडधमला दगड झालेली झाडं बघायला गेलो होतो, तिथली. टाचणीने कण न् कण काढला.

रात्री जहाजावर व्याख्यान होतं. १९१२ मध्ये स्कॉटच्या तंबूपाशी सुमारे १६ किलो दगड सापडले. मरेपर्यंत त्यांनी ते ओढत आणले होते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे होते. चंद्रपूरचा कोळसा ज्या जंगलांचा झाला, त्यांतही हेच झाड होतं. तेव्हा या दोन्ही जमिनी जोडलेल्या होत्या.

"त्या खंडाला गोंडवाना का म्हणतात?" व्याख्यात्याने विचारलं.

मी हात वर केला. "मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. मी तिथलाच. सिरोंचाचा."

पुढचा प्रश्न नक्षलवाद्यांचा नव्हता.

सकाळी पेंग्विनांपासून पाच मीटर अंतर राखून उभा होतो. पायाखाली काळा दगड. बाबांना फोटो पाठवायचा होता, पण रेंज नव्हती. तशी ती आमच्या गावाकडेही अधूनमधूनच असते.