शून्य कुठे धरायचं?

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलांची पोलादाशी चांगली ओळख झालेली असते. किती ओढलं की किती वाढेल, कुठे बारीक होऊन तुटेल, हे त्यांनी नमुना ओढून तोडणाऱ्या यूटीएम यंत्रावर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पोलाद तसं सरळ स्वभावाचं. आज जो आकडा देईल तोच परवाही देईल. अशा मुलांपुढे मी खाटकाकडून आणलेला, बकऱ्याच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा तुकडा ठेवतो. कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी फोटो काढतं.

धमनी आडवी चिरली की बोटात बसेल एवढी कडी निघते. आत रक्त नाही, दाब नाही. “हिच्यात ताण किती?” वर्ग एका सुरात सांगतो, “शून्य.” मग कडीची भिंत एका जागी कात्रीने तोडायची. कडी आपसूक उघडते, टोकं एकमेकांपासून लांब सरकतात आणि पुन्हा जवळ येत नाहीत. म्हणजे बाहेरचं काहीच सोसत नसतानाही ती आतल्या अंगाला दाबलेली आणि बाहेरच्या अंगाला ओढलेली होती. नाहीतर रक्ताचा दाब आल्यावर सर्वांत जास्त ताण आतल्या थराच्या वाट्याला आला असता. या आधीच्या ओढाताणीमुळे तो भिंतभर वाटला जातो. तोफेच्या नळीवर दुसरी नळी तापवून चढवतात ती याचसाठी, आणि ते गणित या मुलांनी परीक्षेत सोडवलेलंही असतं. तरी कडी उघडताना वर्ग गप्प होतो. वर्षभरातला हा तास मला सगळ्यांत आवडतो.

धमनीतला हा लपलेला ताण १९८३ च्या सुमारास ज्यांनी दाखवून दिला त्यांपैकी एक, युआन-चेंग फुंग, हे मूळचे विमानांचे माणूस. वाऱ्यात पंख का थरथरतो हा त्यांचा विषय. १९५७ च्या सुमारास ते जर्मनीत ग्योटिंगेनला होते आणि तिकडे चीनमध्ये आईला काचबिंदू झालेला. मुलगा काचबिंदूवरचं संशोधन वाचायचा, त्याचा सारांश काढून घरी पाठवायचा. पुढे १९६६ मध्ये कॅलटेकमधलं बसलेलं बस्तान सोडून ते सान दिएगोला गेले आणि रक्तवाहिन्या, फुप्फुसं यांच्यातच रमले. आईच्या काळजीतून एखाद्याला विषय सापडतो, हे अभ्यासक्रमाच्या कोणत्या युनिटमध्ये बसवायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि ज्याच्या नावाचा मोड्युलस ही मुलं पाठ करतात, तो थॉमस यंग लंडनमधला डॉक्टर होता. हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

धमनीपेक्षा हाडाची गोष्ट जुनी आहे. १८६६ मध्ये झुरिचला कार्ल कुलमान या इंजिनिअरने हर्मान फॉन मायर यांच्याकडचा मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. डोक्याकडच्या जाळीतल्या रेषा त्याच्या ओळखीच्या निघाल्या. वाकलेल्या क्रेनमधून भार ज्या वाटांनी खाली उतरतो, जवळपास त्याच. ज्यूलियस वोल्फने १८९२ मध्ये यावर नियमच मांडला. त्याचं गणित पुढे बरंच दुरुस्त झालं, पण मूळ गोष्ट टिकली : हाड वापराप्रमाणे घडतं. अंतराळात वजनच उरत नाही, तर अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने झिजतं. पोलादाचा पूल वाहतूक थांबली म्हणून असा बारीक होत नाही.

इथे कुणीतरी टेनिसपटूंबद्दल विचारतंच. हो, लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरतं. यंदा वर्गातल्या फास्ट बोलरने लगेच बाही वर केली. शेजारच्याने व्हर्नियर काढला, दोन्ही दंड मोजले आणि उजव्याचा आकडा मोठ्याने वाचला. त्यातला बराचसा भाग स्नायूंचा होता, हाड बघायला एक्स-रे लागला असता. पण तोवर सगळ्या बाकांवर बाह्या वर गेल्या होत्या आणि व्हर्नियर एकच होता.