इंजिनाची गाळणी

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, अशी सूचना विद्यालयाकडून मिळाली. वसतिगृहाच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. म्हणून मी माझ्या कामाविषयी लिहिण्याचे ठरविले. येथून बाहेर पडल्यावर मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकल हा व्यवसाय शिकलो आणि आज शिल्पनिदेशक म्हणून तोच शिकवितो. विषय लहान आहे : गाडीचे ऑइल फिल्टर.

पोंभुर्णा परिसरात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. रोवणीच्या दिवसांत मजूर तिच्यावरूनच बांधीवर जातो, आशाताई तिच्यावरूनच घरोघरी पोहोचते, सुटी संपली की वडील मुलाला तिच्यावरूनच वसतिगृहात आणून सोडतात. सायंकाळी जंगलातील रस्त्यावर इंजिन जाम झाले, तर वाघाच्या मुलखातून गाडी ढकलत नेण्याची पाळी येते. पुढे बोअर-पिस्टनच्या कामात मजुराची कित्येक दिवसांची कमाई जाते. हे संकट पुष्कळदा टाळता येण्यासारखे असते.

इंजिनातील ऑइल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि झिजलेल्या धातूचे कण व काजळी आपल्यात सामावून घेते. मोटारसायकलमध्ये बहुधा तेच ऑइल क्लच आणि गिअरलाही पुरते. म्हणून कारचे ऑइल तिच्यात ओतू नये. क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक लिहिलेले आहे का, ते पाहावे. सामावलेली ही घाण वेगळी काढणे हे फिल्टरचे काम. बौद्ध भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे ‘परिस्सावन’ असते, हे आपल्या शाळेत शिकलेल्यांना सांगावयास नको. तेथे हेतू पाण्यातील जीव वाचविण्याचा. गाळणीची निगा राखण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच हवी.

फिल्टर मागण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता आहे, हे जाणून घ्यावे. स्प्लेंडरसारख्या गाडीत कागदी फिल्टर नसतो. तिच्यात तारेची जाळी आणि क्रँकशाफ्टबरोबर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. फिरण्याच्या वेगाने जड कण बाहेर फेकले जाऊन त्याच्या भिंतीला चिकटतात. तो बदलायचा नसतो, स्वच्छ करायचा असतो. त्यासाठी उजवीकडील क्लच कव्हर उघडावे लागते. केवळ ऑइल बदलले म्हणजे हा गाळ निघत नाही. पुसताना सुती चिंधीचे धागे आत राहू देऊ नयेत आणि कव्हर बसविताना पॅकिंग नवे घालावे.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारख्या गाडीत कागदी घटक असतो, तर जीप व ट्रॅक्टरवर बहुधा फिरवून बसविण्याचा डबा असतो. दोन डबे बाहेरून सारखे दिसले तरी आतून सारखे असतीलच असे नाही. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंड व घट्ट असले, तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे जाते. इंजिन कोरडे पडण्यापेक्षा ते बरे. हा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडावा, हे इंजिनानुसार ठरते. म्हणून आटे जुळले, एवढ्यावर खरेदी करू नये. पुस्तिकेतील भाग क्रमांक दुकानदाराला दाखवावा आणि किंमत त्यानंतर विचारावी.

बदलताना इंजिन थोडे कोमट असावे, म्हणजे ऑइलबरोबर गाळही वाहून येतो. जुन्या डब्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही, याची खात्री करावी. नव्या कड्याला ऑइलचे बोट लावून डबा हातानेच आवळावा. ड्रेन बोल्टवर जोर करू नये. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात. शेवटी इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, गळती पाहावी आणि सपाट जागेवर ऑइलची पातळी तपासावी. चिखलणीचा ट्रॅक्टर आणि फुफाट्यातून धावणारी मोटारसायकल यांना पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच हे काम लागू शकते. धूळ मात्र मुख्यतः हवेच्या वाटेने आत शिरते; एअर फिल्टर फाटका असेल, तर एकटा ऑइल फिल्टर इंजिन वाचवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काढलेले काळे ऑइल गॅरेजमागच्या नालीत ओतले जाते किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासले जाते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ताडोबाकडून येणारी अंधारी वैनगंगेला मिळते. आपल्या नाल्यांचे पाणीही शेवटी नदीलाच जाते. तेच पाणी गुरे पितात, बांध्यांना लागते. हे ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्या आठवड्यात सांगतो.

दहावीनंतर आपल्यातील अनेक मुले गॅरेजमध्ये कामाला लागतात. पालकांना त्यात कमीपणा वाटतो, असे मी पाहिले आहे. हात काळे होतात, हे खरे. परंतु व्हॉल्व्ह का उघडतो हे समजून पाना हाती घेणारा मुलगा केवळ हमाली करीत नसतो. म्हणून माझी विनंती आहे की, मोटर मेकॅनिक, वायरमन, पंप दुरुस्ती करणारे असे जे माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार दहावीच्या मुलामुलींना द्यावा. विद्यालयाने दिवस कळवावा. मी माझी अवजारे आणि एक जुने, कापून उघडलेले फिल्टर घेऊन येईन.