चाकांवरचं घर आणि उतारवयाचा हिशेब

चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीतून गेलेली पिढी आपल्या सीमाभागात अजून आहे. गाडीत पेंढा, त्यावर घोंगडं, कडेला भांड्यांचं गाठोडं. मुक्काम पडला की बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि रात्री गाडीतच किंवा गाडीखाली आडवं व्हायचं. चार-आठ दिवस गाडी हेच घर. पण साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं हौसेने घर गाडीत हलवतात, वर्षातले पाच-सहा महिने तिथेच राहतात आणि वय वाढलं म्हणून गाडी सोडण्याऐवजी आणखी मोठी गाडी शोधत हिंडतात, हे मी गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पाहिलं.

माझे धाकटे मामा बेळगावचे. हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजातून इंजिनीअर झाले, मिशिगनला नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. मामी धारवाडची. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, भांडण मात्र कन्नडमध्ये! मिशिगनचा हिवाळा म्हणजे चार महिने बर्फ. निवृत्तीनंतर मामांनी चोवीस फुटी मोटरहोम घेतली आणि दर हिवाळ्यात दोघं दक्षिणेला उतरू लागली. अशा लोकांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर थंडीत हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात ना, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पट्टकादंबांना गुडघेदुखी नसते. गेल्या वर्षी मामीच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि आता मोठी गाडी घ्यायची असं ठरलं. मी सेमिस्टरच्या सुटीला रजा जोडून गेले होते, ती या गाडी-संशोधनात आपोआप ओढली गेले.

हे संशोधन चाललं होतं क्वार्टझसाइट नावाच्या गावी. फिनिक्स शहरापासून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटर. सपाट वाळवंट, कडेला उघडे डोंगर, अधूनमधून हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. गावची कायम वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. पण जानेवारीत तिथे मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं आणि नजर जाईल तिथपर्यंत पांढऱ्या गाड्याच गाड्या दिसतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून तिथे मुक्काम ठोकता येतो. वीज-पाण्याची जोडणी नाही. पाणी ठरावीक जागी जाऊन भरायचं, सांडपाणी ठरावीक जागी सोडायचं, वीज छतावरच्या सौर पट्ट्यांतून किंवा जनरेटरमधून. दुपारी ऊन छान, पण सूर्य डोंगराआड गेला की आपल्या माघातली थंडी काहीच नाही असं वाटायला लागतं.

या गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर पत्र्याचा उंट. अमेरिकन लष्कराने १८५० च्या दशकात वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणवले होते. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला इथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. गोऱ्या लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्याचा ‘हाय जॉली’ झाला. दूर देशातून आलेला आणि कायम फिरतीवर राहिलेला माणूस शेवटी या गावाची ओळख झाला, हे मला मोठं समर्पक वाटलं.

आता गाड्यांकडे वळू. मोटरहोमचे तीन वर्ग. ‘बी’ सर्वांत लहान, म्हणजे व्हॅनच आतून घरासारखी केलेली. ‘सी’ मधली, तिचं तोंड ट्रकसारखं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक माळा. मामांची जुनी गाडी ही. आणि ‘ए’ म्हणजे थेट बस. सपाट तोंड, प्रचंड काच, लांबी २६ फुटांपासून ४५ फुटांपर्यंत. ए, सी, बी असा हा उतरता क्रम का, याचं उत्तर मला कोणीही दिलं नाही. मोठ्या गाड्यांची गंमत म्हणजे त्यांच्या भिंती. मुक्कामावर बटण दाबलं की बैठकीची एक बाजू सोफ्यासकट दोन-तीन फूट बाहेर सरकते आणि अरुंद बोळाची खोली होते. मामी स्वयंपाकघराला अजून ‘अडगीमनी’च म्हणते. तिची अडगीमनी अशी फुगताना पाहून मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

मामांचा जीव चाळीस फुटी डिझेल गाडीवर जडला होता. इंजिन मागे, त्यामुळे पुढे आवाज नाही. एअर ब्रेक, पोटात सामानाचे मोठाले कप्पे, कपडे धुण्याचं यंत्र. मामांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आता नुसतं फिरायचं नाही, राहायचं आहे. चोवीस फुटी गाडीत पलंग भिंतीला चिकटलेला; रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. सत्तरीत रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. न्हाणीघरात कोपर हलवायला जागा नाही. पावसात चार दिवस अडकलं तर दोघांनी एकमेकांची तोंडं किती पाहायची?

पण मोठ्या गाडीचा हिशेब निराळा असतो. चाळीस फुटी गाडी एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन-चार किलोमीटर जाते. एकदा मुक्काम केला की दूध आणायला ती बाहेर काढता येत नाही. म्हणून मागे छोटी मोटार बांधून ओढत न्यावी लागते. तिला तिकडे गमतीने ‘टोड’ म्हणतात, म्हणजे बेडूक! जुनी राष्ट्रीय उद्यानं आखली गेली तेव्हा असल्या गाड्या नव्हत्या, त्यामुळे कितीतरी मुक्कामाच्या जागी त्या मावतच नाहीत. ग्लेशियर उद्यानातला घाटरस्ता जगप्रसिद्ध आहे, पण त्याच्या मुख्य भागात २१ फुटांहून लांब गाडीला मनाई. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांच्या पुढे गेलं की चालवण्याचा परवानाही वेगळा लागतो. म्हणजे घर मोठं झालं की जग लहान होतं.

वजनाचं गणितही मला तिथेच कळलं. प्रत्येक गाडीत किती किलो सामान-माणसं चालतील, ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. काही दिमाखदार गाड्यांत फर्निचरच इतकं जड, की माणसांसाठी फारसं वजन उरत नाही. शंभर गॅलनची टाकी भरली की पाण्याचंच वजन पावणेचारशे किलोच्या वर. टायरची नक्षी कोरी दिसली तरी भुलायचं नाही. त्याच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाड्या धावतात कमी, उभ्या राहतात जास्त, म्हणून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. एका विक्रेत्याने मामांना दाखवलेल्या चकचकीत गाडीचे टायर नऊ वर्षांचे निघाले. मामांनी शांतपणे त्याला आकडे वाचून दाखवले आणि आम्ही तिथून निघालो.

मामीची तपासणी मात्र वेगळीच होती. ती इंजिनाकडे पाहायचीच नाही. पिशवीतून मोजपट्टी काढायची. पहिल्या पायरीची जमिनीपासून उंची किती? बस-गाडीची जमीन उंच असते, म्हणून पायऱ्या जास्त. मग दांडा भक्कम आहे का, आणि दोन्ही हातांना आहे का? पलंगाच्या दोन्ही बाजूंनी चालता येतं का? न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल बसतं का? बाहेर सरकणारी भिंत वाटेत बिघडून आतच राहिली, तर संडासापर्यंत पोचता येतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून एक विक्रेता गडबडलाच. असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं म्हणे.

आणि मग एका संध्याकाळी, चहा पिता पिता, तिने खरा प्रश्न विचारला. “नाळि नीव् मलकोंड्र गाडी यार होडीतार?” उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर गाडी चालवणार कोण?

मामा गप्प झाले. मीही. तोपर्यंत आम्ही लांबी, टाक्या, टायर यांवर बोलत होतो. जोडप्यातल्या एकालाच चालवता येत असेल तर ते घर दोघांचं नसतं, हे तिने एका वाक्यात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी तिला एका मोठ्या मोकळ्या पटांगणात नेलं. विक्रेत्याचा माणूस शेजारी बसला. चाळीस फुटी गाडी वळवताना तिचं मागचं टोक कुठे जातं, याचा तिला अंदाजच येईना. तेहतीस फुटी ‘ए’ मात्र तिने दोन फेऱ्यांत वळवली, मागेही घेतली. उतरताना म्हणाली, “धारवाडच्या बाजारात लूना चालवलेली बाई आहे मी.”

क्वार्टझसाइटची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे लाखो डॉलरच्या गाड्यांपासून थोड्या अंतरावर जुन्या व्हॅनमध्ये, कधी मोटारीतही राहणारी वयस्क माणसं आहेत. घरभाडं परवडत नाही म्हणून ती चाकांवर आलीत. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या सत्तरीतल्या बाई दर ऑक्टोबरला उत्तरेत, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, साखरेच्या बीटच्या हंगामावर जातात. बारा-बारा तासांची पाळी, कडाक्याची थंडी, मुक्काम स्वतःच्या गाडीत. मला आपल्याकडचे ऊसतोड कामगार आठवले. बीडकडून बैलगाडी आणि पोरंबाळं घेऊन ते आपल्या जिल्ह्यात येतात, कारखान्याजवळ पाचटाच्या खोपी घालतात. साखर उसाची असो की बीटची, तिच्यापाठी फिरणारी माणसं दोन्हीकडे आहेत. तेव्हा चाकांवरचं घर ही हौस की नाइलाज, हे गाडीवरून नाही, परत जायला दुसरं घर आहे की नाही यावरून ठरतं.

एका बाबतीत मात्र तिथे सगळे समान. गाडीत तीन टाक्या असतात: शुद्ध पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची. तिसरीला ‘काळी टाकी’ म्हणतात. ती रिकामी करायचा जाड पाइप ज्याचा त्यानेच लावायचा. रांगेत आमच्यापुढे एक निवृत्त न्यायाधीश होते, मागे एक मेकॅनिक. दोघांच्याही हातात रबरी मोजे. ही कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारली, हे तिथे उभं राहून आठवल्याशिवाय राहिलं नाही.

परत जायच्या घराचा विषय मामांकडेही निघालाच. मिशिगनचं दुमजली घर विकून कायमचं गाडीत राहायचं, असा त्यांचा विचार होता. असे पूर्णवेळ राहणारे पुष्कळ आहेत. त्यांना कायदेशीर पत्ता लागतो, त्यासाठी टेक्सास, साउथ डकोटा, फ्लोरिडा ही राज्यं सोयीची. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी तर अशा फिरस्त्यांच्या एस्केपीज या संघटनेचं टपाल केंद्रच आहे. त्याच संघटनेने तिथे एक चांगली सोयही उभी केली. आजारी किंवा थकलेल्या सभासदाने आपली गाडी तिथे उभी करायची, राहायचं स्वतःच्याच गाडीत आणि जेवणखाण, देखभाल केंद्राकडून घ्यायची. औषधोपचाराचं गणितही आधी मांडावं लागतं. ज्येष्ठांसाठीचा मूळ सरकारी मेडिकेअर विमा देशभर चालतो, पण खासगी कंपन्यांमार्फतच्या बऱ्याच योजना ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्याच असतात. वर्षभर राज्यं ओलांडत हिंडणाऱ्याला हा फरक फार महाग पडू शकतो.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दुमजली घर विकायचं, पण मुलीच्या गावात एकमजली लहान घर ठेवायचं. गाडी तेहतीस फुटी, आठ वर्षं वापरलेली, नवे टायर विक्रेत्याने घालून द्यायचे. दोघांनीही चालवायची, दर प्रवासात निम्मं अंतर मामीने. आणि दर वर्षी एप्रिलमध्ये परतल्यावर एकमेकांना विचारायचं, की पुढच्या वर्षी जायचं का. एकाने ‘नको’ म्हटलं की वाद न घालता गाडी विकायची. ही शेवटची अट मामीची. मामांनी ती मान्य करायला दोन दिवस घेतले.

आपल्याकडेही कॅराव्हॅनची चर्चा आहे. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये त्यासाठी पर्यटन धोरणं आणली. पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या खिशाला ते घर म्हणून कितपत परवडेल, हा प्रश्नच आहे. मला त्या प्रवासातून आणावीशी वाटली ती मामीची मोजपट्टी. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत पाहा. मुलं बेंगळूर-पुण्याला, आईवडील जुन्या मोठ्या घरात. संडास मागच्या परसात, जिना उभा, दोन खोल्यांमधला उंबरा टाचभर उंच. घर वडिलार्जित म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही. पण पायरी किती उंच, धरायला दांडा कुठे, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी वाट आहे का आणि एक जण आडवा पडला तर दुसऱ्याला काय काय जमतं, हे प्रश्न चाकं नसलेल्या घरालाही लागू आहेत.

परत आल्यावर मी आईच्या न्हाणीघराचं दार मोजलं. बावीस इंच भरलं. वॉकर घेऊन आत जाता येणार नाही. पुढच्या आठवड्यात गवंडी येतोय.