वहिनी, आधी पाण्याचा उतार बघा

सौ. वहिनींस,


दादाने पाठवलेले फोटो आणि दुकानदाराने काढून दिलेला खर्चाचा अंदाज, दोन्ही नीट पाहिले. काळे नळ, काचेची आडभिंत, छतातून पडणारा मोठा शॉवर, चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स आणि पुढच्या खोलीला पीओपीचं छत. यातलं काय ठेवू आणि काय काढू, असं तुम्ही विचारलंत. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले. घर नव्यासारखं दिसावं ही तुमची हौस मला मनापासून पटते. लग्न होऊन आलात तेव्हापासून त्या अंधाऱ्या न्हाणीत तुम्हीच राबताय. ती बदलायलाच हवी. फक्त पैसा कुठे आधी घालायचा याचा क्रम मी वेगळा लावणार आहे. भिंत, पाणी आणि आईचे गुडघे हे आधी. टाइलचा रंग सगळ्यात शेवटी.

भिंतीचं पहिल्यांदा सांगते. दादा म्हणतोय, मधल्या खोलीच्या दगडी भिंतीत दार पाडू म्हणजे न्हाणी शहरातल्यासारखी ‘अटॅच’ होईल. हे काही झालं तरी होऊ देऊ नका. आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात, त्यामुळे त्या भक्कम वाटतात. प्रत्यक्षात त्या दोन थरांच्या असतात. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा आणि मधे चिखलमाती नि कपच्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत घातलेलाच नसतो. त्यावर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढायची, वजन वाढत जायचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा हे थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. सास्तूर आपल्याच तालुक्यातलं. त्या गावात आपले किती सोयरे होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतर अण्णांनी माळवद उतरवून पत्रे टाकले आणि मागची न्हाणी विटांची, वर काँक्रीटचा पट्टा फिरवून बांधली. त्यांनी जे वजन उतरवलं तेवढ्यामुळे ती दगडी भिंत आज निभावून नेतेय. तिला दार पाडायचं नाही आणि पाइप लपवण्यासाठी झिरीसुद्धा मारायची नाही. झिरी मारताना छिन्नीचा दणका बसला की आतली भर मोकळी होते, ते वरून दिसतही नाही. पाइप भिंतीवरून उघडेच न्या. ओळंब्यात सरळ, दर दोन-अडीच फुटांवर क्लॅम्प आणि भिंतीचाच रंग. नीट बसवलेले उघडे पाइप फार देखणे दिसतात. उद्या गळती झाली तर ती त्याच दिवशी दिसते, आणि टाइल न फोडता दुरुस्त होते.

मग आईने पावसात न्हाणीपर्यंत कसं जायचं? मधल्या अंगणाच्या तेवढ्या तुकड्यावर पत्र्याचं छप्पर घ्या आणि पावसाच्या बाजूला विटांची जाळीदार भिंत उभी करा. एक वीट सोडून एक वीट लावायची, गिलावा करायचा नाही. केरळमधल्या लॉरी बेकर यांनी आयुष्यभर अशा जाळ्या बांधल्या आणि कमी पैशांत सुंदर घरं उभी राहतात हे दाखवून दिलं. विटा कमी लागतात, वारा खेळतो, उजेड येतो आणि आतलं बाहेरून दिसत नाही. खिडकी, काच, ग्रिल, पडदा हा सगळा खर्च वाचतो. तुमच्या फोटोतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ही जाळी घराला जास्त शोभा देईल.

आता पाणी. तालुक्यातच माकणीला निम्न तेरणाचं धरण, तरी धरण उशाला आणि कोरड घशाला ही आपली तऱ्हा. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. भूकंपानंतर पुनर्वसनात जमिनीच्या हिशोबाने 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. त्यातल्या कितीतरी संडासांत पुढे सरपण रचलेलं दिसायचं. ओतायला पाणीच नव्हतं, लोक तरी काय करणार? म्हणून आपल्याकडे न्हाणीतली प्रत्येक वस्तू पाणी विचारून घ्यायची.

छतातला मोठा शॉवर काढून टाका. त्याला पाण्याचा दाब लागतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण एक बार दाब मिळतो. आपली टाकी न्हाणीपासून चार-पाच फूट वर, तिथून नुसते थेंब गळतील. त्याऐवजी हातात धरायचा साधा शॉवर घ्या, आईला खुर्चीवर बसून अंघोळ करता येईल. कमोडची टाकी तीन आणि सहा लिटर अशा दोन बटणांचीच मागा. काळे नळ आणि काच नकोच. आपलं बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे डाग उरतात. काळ्यावर आणि काचेवर ते सगळ्यात आधी दिसतात आणि तुमची सकाळ पुसण्यातच जाईल. साधे क्रोमचे नळ, जाळी फिरवून काढता येईल असे. क्षार धरला की जाळी लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवली की मोकळी होते. काचेच्या जागी जाड कापडी पडदा. अंघोळीचं पाणी संडासाच्या टाकीत न सोडता वेगळ्या पाइपाने परसात काढा, केळी आणि कढीपत्त्याला तेवढंच पाणी.

न्हाणीची खरी कारागिरी जमिनीत असते आणि ती कुठल्याच फोटोत येत नाही. मिस्त्रीला सांगा, फुटाला दोन सूत उतार, सगळा नहाणी ट्रॅपकडे. कोपऱ्यात पाणी साचायला नको. ट्रॅप खोल घ्या, त्यात दोन इंच पाणी अडून राहिलं पाहिजे. तेच पाणी वास आणि झुरळं अडवतं. फरशीखाली जलरोधक लेप, तो भिंतीवरही फूटभर चढवायचा. लेप सुकला की ट्रॅपचं तोंड चिंधीने बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि बाहेरच्या बाजूने ओल येते का ते बघा. मिस्त्री म्हणेल, “ताई, कशाला एवढं, मी गॅरंटी देतो.” तरी भराच. या दोन दिवसांसाठी काम थांबलं तर थांबू दे.

टाइल्सचा हिशोब तुमच्या समोर मांडते. न्हाणी पाच बाय सात, उंची दहा फूट. दुकानदाराने छतापर्यंत टाइल धरलीय, म्हणजे दाराची जागा वजा जाता साधारण 222 चौरस फूट. आपण जिथे अंगावर पाणी घेतो त्या कोपऱ्याच्या दोन भिंतींना सात फुटांपर्यंत लावू आणि उरलेल्या दोन्हींना चार फुटांपर्यंत. दार वजा जाता ते भरतं 122. शंभर फूट टाइल, तेवढा माल आणि तेवढी मजुरी वाचली. वरच्या भागाला पांढरा रंग. उलट खोली उंच आणि मोकळी वाटते. भिंतीला साध्या पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स घ्या. फुलाफुलांची पट्टी नको, ती दोन वर्षांत जुनी दिसते.

जमिनीला मात्र माझं ऐकाल तर शहाबादी. सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातून येते, आपल्याकडे तिच्यासारखी स्वस्त आणि टिकाऊ दुसरी फरशी नाही. पॉलिश न केलेली, मशीनने कडा कापलेली, फूट बाय फूट. छोट्या तुकड्यांना उतार सहज देता येतो, चार बाय दोनच्या टाइलला तो देताच येत नाही. मधे बारीक सांधा सोडून करडं सिमेंट भरा. करडी जमीन आणि पांढऱ्या भिंती. पुण्यात हल्ली याच रंगसंगतीसाठी लोक दगडासारखी दिसणारी टाइल महाग पैसे देऊन आणतात, आपल्याकडे तर खरा दगडच हाताशी आहे. फक्त एक पथ्य. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो आणि वरचा थर खरवडून निघतो. ॲसिड संडासाच्या भांड्यापुरतं ठेवा, फरशीला साबण आणि ब्रश.

आईसाठी तीन गोष्टी मात्र मी सोडणार नाही. दाराला उंबरा नको, अंगणापासून न्हाणीपर्यंत पाय न उचलता जाता आलं पाहिजे. पाणी उताराने अडवायचं. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं आणि मदतीला जाता येत नाही. आणि कमोडशेजारी स्टीलचा दांडा, आईला बसवून हात जिथे पडेल तिथेच, विटांच्या भिंतीत पक्क्या बोल्टने. हा दांडा टॉवेलच्या दांडीने भागवू नका. गीझर घेतलात तर न्हाणीच्या लाइनला 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. गॅसचा गीझर असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर. बंद न्हाणीत त्याचा विषारी वायू वास न येता माणूस घेतो, दरवर्षी थंडीत अशा बातम्या वाचते आणि जीव कापतो.

पुढच्या खोलीचं थोडक्यात. पत्र्याखाली पीओपी करून चैत्र-वैशाखाची धग थांबत नाही. तोच पैसा पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग देण्यात घाला, छत नंतर बघू. लाकडी खांब आणि तुळया रंगवू नका. जुना ऑइलपेंट खरवडून जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून दोन हात द्या, सागाचा रंग वर येईल. भिंतीतल्या देवळ्या बुजवायची यादी दादाने केलीय, ती फाडून टाका. त्यात आतून पांढरा चुना आणि एकेक छोटा एलईडी दिवा लावला की वेगळा शोकेस लागत नाही. पडद्यांना सोलापुरी चादरी वापरा, एकाच रंगाच्या. जुनी शहाबादी न काढता मशीनने घासून घ्या.

वाचलेल्या पैशांतून काय करायचं ते तुम्ही ठरवा, दादाला विचारत बसू नका. इतकी वर्षं काटकसर तुम्ही केलीत. मला विचाराल तर न्हाणीत भिंतीतला चांगला मोठा आरसा घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे, म्हणजे चेहऱ्यावर सावली पडत नाही.

मिस्त्रींशी बोलणं झालं की उताराचं आणि ट्रॅपचं काय म्हणाले ते कळवा. पाणी भरून ठेवायचे ते दोन दिवस गौरींच्या सुट्टीत धरले तर मीच येऊन बघते. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दादाला भिंतीचं माझ्या नावाने सांगा. रागावला तर माझ्यावर रागावू दे.

तुमची नणंद