वाफेच्या वाटेवर सोल्डर नको

आम्ही कॉव्हेंट्रीला राहतो. 2013 साली नवऱ्याने सिगारेट सोडायची म्हणून ई-सिगारेट घेतली. तिच्यातली द्रव तापवून वाफ करणारी तयार कॉइल लवकर जळायची आणि नवी महाग पडायची. मग तो तार आणून घरीच कॉइल गुंडाळू लागला आणि पुढे बॅटरीचा डबाही घरीच करू म्हणाला. मी वायर हार्नेसच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे सोल्डरिंग गन माझ्याच हाती आली.

गॅरेजमधली गॅल्व्हनाइज्ड तार चालेल का, हा त्याचा पहिला प्रश्न. मी ती तार त्याच्या हातून काढूनच घेतली. तिच्यावर जस्ताचा थर असतो. तार लाल झाली की त्याचा धूर होतो, आणि त्या धुराने येणारा ताप वेल्डिंगवाल्यांना चांगला ठाऊक असतो. इथे तर तो धूर मुद्दाम छातीत ओढायचा होता! तार कशाची आहे हे रिळावर छापलेलं नसेल तर ती घरात आणायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

उरल्या दोन तारा. एक नायक्रोम, म्हणजे आपल्याकडच्या इलेक्ट्रिक शेगडीच्या स्प्रिंगची तार. तिच्या नेहमीच्या प्रकारात 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम असतं. दुसरी कॅन्थल, मूळची स्वीडनची. लोखंड, क्रोमियम आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. नवऱ्याला पट्ट्याच्या बकलनेसुद्धा पोटावर पुरळ येतं, म्हणजे निकेल त्याला सोसत नाही. म्हणून कॅन्थल. 28 गेजच्या या तारेचा रोध मीटरला साधारण 18 ओहम भरतो. दहा सेंटिमीटर घेतली की 1.8 ओहम. भरलेल्या बॅटरीच्या 4.2 व्होल्टवर त्यातून सव्वादोन-अडीच अँपिअर जातात. एवढी उष्णता पुरे.

कॅन्थल तापली की तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो. तोच तिला जळू देत नाही आणि तोच सोल्डरलाही चिकटू देत नाही. सोल्डरमधलं कथील गोळी होऊन घरंगळतं. नवऱ्याला ही अडचण वाटली, मला सोय वाटली. कॉइलची टोकं स्क्रूखाली दाबून घट्ट करायची, तिथे कथील न्यायचंच नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. बाजारातल्या एका तयार कार्टोमायझरच्या, म्हणजे कॉइल आणि द्रव एकत्र असलेल्या नळीच्या, वाफेत त्यांना कथिलाचे कण सापडले होते. कॉइलची तार जिथे जाड तारेला जोडतात, तिथे सोल्डर होतं. तो अभ्यास वाचून मला फार राग आला. जोड दाबूनही करता येतो, हे आमच्या कारखान्यात नव्याने आलेल्या पोरालाही कळतं.

डब्यात मात्र सोल्डरच हवं. तिथे हवेची वाट येत नाही, पण वर टाकी बसते त्या कनेक्टरमधून द्रव आत झिरपतो आणि डबा तर सतत हातात. म्हणून शिशाचं सोल्डर मी वापरलं नाही. शिसं-कथिलाचं मिश्रण 183 अंशांना वितळतं आणि काम सोपं होतं. बिनशिशाच्याला 217 ते 220 लागतात. कनेक्टरच्या मधल्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तेवढ्या उष्णतेने मऊ होऊ शकतं. गन चांगली तापवायची, टोक स्वच्छ ठेवायचं, आणि पिनेला स्पर्श करून दोन-तीन सेकंदांत उचलायचं. ‘सिल्व्हर सोल्डर’ म्हणून मिळणाऱ्या ब्रेझिंगच्या काही जुन्या कांड्यांत कॅडमियम असतं; त्या तर घराच्या आसपासही नकोत. नळकामाचा अ‍ॅसिड फ्लक्सही नको, तो मागे राहून तांबं खातो. राळेचा फ्लक्स बरा, पण त्याच्या धुराने दमा होऊ शकतो. खिडकी उघडी ठेवून आणि धूर तोंडापासून दूर ओढेल असा पंखा लावूनच मी बसायची.

पुढे नवऱ्याला 0.3 ओहमची कॉइल हवी झाली. 4.2 भागिले 0.3, म्हणजे 14 अँपिअर. पीव्हीसीची बारीक वायर त्यात तापून मऊ पडेल, म्हणून 16 गेजची सिलिकॉनच्या आवरणाची घेतली. सेलवर थेट सोल्डर करू दिलं नाही. लिथियमच्या सेलला गनची उष्णता म्हणजे उघड धोका. होल्डर घेतला, आणि वीस अँपिअर सतत देऊ शकेल असाच सेल. कॉइल बदलली की आधी मीटरवर ओहम बघायचा, मगच बॅटरी आत.

2016 मध्ये इथे ई-सिगारेटचे नियम आले: टाकी दोन मिलिलिटर, निकोटिन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत. तोवर नवरा सहा मिलिग्रॅमच्या द्रवावर आला होता, आणि पुढे त्याने तेही सोडलं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाच्याचा फोन आला, “मावशी, काकांचा तो डबा पडूनच असेल ना, पाठव की.” मी नाही म्हटलं. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, सगळ्यावर बंदी आहे. पार्सल पाठवणं म्हणजे त्याला गुन्ह्यात ओढणं. सिगारेट सोडायची असेल तर निकोटिनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो, डॉक्टरांना विचारून घे, असं सांगितलं. सोल्डरिंग शिकायचं असेल तर मात्र कधीही ये म्हटलं. रेडिओचं किट आणून ठेवते.